तुळशीच्या लग्नाआधी झिरो-टर्नची तयारी

आपल्याकडे लग्नाच्या लॉनचा हंगाम तुळशीच्या लग्नापासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत). एकदा तारखा सुरू झाल्या की मशीन खोलून बसायला सवड मिळत नाही, म्हणून सगळी तयारी दसरा ते दिवाळी या दिवसांतच उरकायची. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आता बऱ्याच लॉनवाल्यांनी सेकंड हँड झिरो-टर्न, म्हणजे बसून चालवायच्या आणि जागच्या जागी वळणाऱ्या गवत कापायच्या मशीन, घेतल्या आहेत. आमचीही वापरलेलीच, ४८ इंची डेकची (पाती ज्याखाली फिरतात ते झाकण), दोन सिलिंडरची. तिच्यामुळे एक गोष्ट पक्की कळली: खान्देशात ही मशीन जुनी झाली म्हणून मरत नाही, तापून मरते. खालची तयारी त्या हिशोबानेच मांडली आहे.

घेताना तासांच्या मीटरवर फार विसंबू नका, मीटर बदलता येतो. मशीन भर दुपारी मागा आणि अर्धा-पाऊण तास सलग चालवा. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतःचा हायड्रो, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, पंप आणि मोटर असते. दोन दांड्यांनी दोन्ही चाकं वेगवेगळी फिरतात, म्हणूनच ती जागच्या जागी वळते. हे हायड्रो झिजलेले असले तरी थंड असताना चांगली ओढ देतात. तेल तापून पातळ झालं की मगच खरं कळतं: चढावर मशीन रेंगाळते, एक बाजू मागे पडते. सकाळी दहा मिनिटं चालवून पैसे मोजलेले लोक मी पाहिले आहेत.

आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो, घरी आणल्यावर हायड्रोचं तेल बदलाच. आमच्या मशीनला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल लागतं आणि बऱ्याच ट्रान्सॲक्सलना (पंप, मोटर आणि चाकाचा आस एकत्र असलेली पेटी) तेच चालतं, तरी आपल्या मशीनवरची पट्टी वाचून घ्या. नव्या मशीनला पहिला बदल साधारण ७५ ते १०० तासांनी आणि पुढे ४०० तासांच्या आसपास सांगितलेला असतो. काही लहान मशीनचे हायड्रो बंद असतात, त्यांना तेल काढायचा नटच नसतो. तेल बदललं की आत हवा राहते आणि ती काढल्याशिवाय मशीन धड ओढत नाही. मागची चाकं जॅकने उचलून घोड्यांवर (स्टँडवर) टेकवा, पुढच्या चाकांना दगड लावा. बायपास (चाकं मोकळी करणारा हायड्रोचा व्हॉल्व) उघडा ठेवून इंजिन सुरू करा आणि दोन्ही दांडे पाच-सहा वेळा सावकाश पुढे-मागे करा. मग बायपास बंद करून पुन्हा तेवढंच करा. इंजिन बंद करून तेलाची पातळी पाहा, ती खाली गेलेली असते, तेवढी भरा. चाकातून कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर अजून हवा आहे, तीच क्रिया पुन्हा करा. हायड्रोवरचे छोटे पंखेही पाहून घ्या. एक पातं तुटलेलं असलं तरी आपल्या वैशाखात ते महागात पडतं.

इंजिनही हवेवरच थंड होतं. वरचं झाकण काढून सिलिंडरच्या पंखांमध्ये पाहा. वाळलेल्या गवताचा भुसा आणि आपली काळी धूळ मिळून तिथे लिंपण झालेलं असतं. ते ब्रशने आणि हलक्या हवेने काढा, गरम इंजिनावर पाणी मारू नका. हवेचा कागदी फिल्टर धुवायचा नाही, त्याला तेलही लावायचं नाही, काळा पडला की नवा टाका. वरचं फोमचं आवरण असेल तर ते मात्र साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. पंपिंग सेट असो की ट्रॅक्टर, आपण ‘अजून तेल आहे ना’ एवढंच पाहतो. इथे तेल किती आहे यासोबत किती दिवसांचं आहे तेही पाहावं लागतं.

पेट्रोलचा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत वाढला आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि अशा मशीनच्या बहुतेक इंजिनांना कंपन्यांनी १० टक्क्यांपर्यंतच मुभा दिलेली आहे. इथेनॉल ओलावा ओढतं, जुने रबरी पाइप नरम करतं आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो. म्हणून कॅन भरून महिनोन्महिने ठेवू नका, आठवड्याला लागेल तेवढंच आणा. पावसाळ्यात मशीन महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलचे पाइप बोटाने दाबून पाहा, फुगलेले किंवा भेगाळलेले असतील तर दिवाळीआधीच बदला.

डेकखाली हात घालण्याआधी दोन्ही स्पार्क प्लगच्या टोप्या काढा. हे मी माझ्या माणसांना दरवेळी सांगतो आणि यापुढेही सांगत राहीन. चिकटलेलं ओलं गवत लाकडी पट्टीने खरवडा. काळ्या मातीसकट ते वाळलं की विटेसारखं होतं आणि हवेचा उठाव मारतं, मग गवत उभं न राहता आडवं पडतं आणि तसंच सुटतं. पातं धार लावून खिळ्यावर मधल्या भोकात टांगा. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचं थोडं घासा. सुरीसारखी बारीक धार नको, मूळचा उतार धरून ठेवा. तोल गेलेलं पातं स्पिंडलची, म्हणजे ते ज्यावर फिरतं त्या आसाची, बेअरिंग खातं.

बेअरिंगवरून आठवलं. मागच्या मार्गशीर्षात आमच्या ड्रायव्हरने मशीन थांबवून हाक मारली, “आप्पा, हाऊ आवाज कसाना शे?” उजवं स्पिंडल उघडलं तर मंडपाची नायलॉन दोरी शाफ्टला गुंडाळून वितळली होती. पांढरं, काचेसारखं कडक कडं झालं होतं आणि त्याने बेअरिंगचं सील कापलं होतं. जळगावात डाळमिलमुळे बेअरिंगची दुकानं भरपूर आहेत, सीलवरचा नंबर वाचून दाखवला की तीच मिळते. पाती फिरवणाऱ्या पट्ट्याचं तसं नाही. चक्कीचा साधा पट्टा मापाने बसतो, पण उलट्या पुलीवर तो वाकून तापतो आणि आमच्याकडे तो पंधरा दिवसही टिकला नाही. मूळ जातीचा एक पट्टा आधीच मागवून टांगून ठेवा.

डेकची पातळी सिमेंटच्या सपाट ओट्यावर तपासा, पण त्याआधी टायरची हवा टायरवर लिहिल्याप्रमाणे भरून घ्या, नाहीतर सगळं माप चुकतं. दोन्ही बाजू सारख्या आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली असावी. बाभळीचा काटा आपल्याकडे कुठूनही येतो, तेव्हा पुढच्या छोट्या चाकांत ट्यूब टाकून घ्या आणि त्यांच्या बेअरिंगला ग्रीस द्या.

सीटखालचा स्विच नीट पाहा. आमच्या मशीनचा आधीच कुणीतरी वायर जोडून बाद केलेला होता. माणूस उतरला तरी पाती फिरतच राहायची. पहिल्या दिवशीच तो बदलला. पाती फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला की इंजिन बंद पडलंच पाहिजे, आणि दांडे बाहेरच्या बाजूला ओढलेले नसताना ते सुरू होता कामा नये. पाटाच्या काठावर आणि १५ अंशांहून जास्त उतारावर ही मशीन नेऊ नका, ती घसरते आणि उलटते. पोरांना मांडीवर बसवून फेरी मारायची नाही, नवरदेवाचा भाचा असला तरी नाही.

उरली जमीन. प्रत्येक लग्नानंतर कापायच्या आधी एका माणसाला चुंबकाची पट्टी दोरीने ओढत पूर्ण लॉनभर फिरवा. खिळे, बाइंडिंग तार, लोखंडी खुंट्यांचे तुकडे, सगळं निघतं. स्प्रिंकलरच्या प्रत्येक डोक्याभोवती चुन्याचं कडं घाला. पावसाने काळी माती ओली असेल तर दोन दिवस थांबा, मशीनच्या वजनाने चाकोऱ्या पडतात आणि त्या महिनाभर दिसत राहतात.

सगळं झालं की मागच्या बाजूला, पाहुण्यांच्या नजरेत येणार नाही अशा तुकड्यावर, दुपारी दोन वाजता पाऊण तास चालवून पाहा. मशीन सावलीत उभी करून डेक, पट्टा आणि हायड्रोच्या सांध्यांवरून फडकं फिरवा. फडक्याला तेल लागलं तर त्या सांध्यावर खडूने खूण करा आणि मीटरचे तास वहीत लिहून ठेवा.