टॉवेलला कुबट वास येतोय? मशीन बदलू नका

म्युनिकला नव्याने आलेल्या आपल्या मंडळींचा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हमखास फोन येतो: "दादा, धुतलेले टॉवेल पावसाळ्यातल्यासारखे कुबट येतायत, मशीन बिघडलं का?" मशीन ठणठणीत असतं. आपण वर्षभर ३० अंशांवर, लिक्विड घालून धुतो आणि कपडे काढले की दार घट्ट लावतो. आत ओल, साबणाचा थर आणि अंधार. बुरशीला आणखी काय हवं?

आधी दाराभोवतीचं रबर बोटाने मागे ओढून बघा. मी पहिल्यांदा खालच्या घडीत बोट घातलं तेव्हा करडा बुळबुळीत थर, केसांचा गुंता, दोन टिकल्या आणि लेकाचा हरवलेला मोजा निघाला. ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. साबणाचा कप्पा पूर्ण बाहेर येतो. तो घासा आणि त्याच्या खाचेत वरच्या बाजूलाही बघा, काळे ठिपके तिथेच असतात.

मग फिल्टर, म्हणजे 'फ्लूजेनझीब'. बहुतेक मशीनला तो खाली, छोट्या झाकणामागे असतो. मशीन बंद, प्लग बाहेर, आतलं पाणी गार झालेलं. पाणी धरायला खाली ओव्हनचा ट्रे लावा आणि फिरकी जरा जराच सैल करा. मी घाईत पूर्ण काढली होती. बाथरूमभर पाणी झालं आणि खालच्या आजी पायमोजे घालून जिना चढून आल्या.

आता रिकामं मशीन ६० अंशांवर, जमलं तर ९० वर. त्यात 'फोलवाशमिटेल'ची, म्हणजे पांढऱ्या कपड्यांनाही चालणाऱ्या सर्वसाधारण साबणाची, पावडरच घाला. त्या पावडरीत ब्लीच असतं. लिक्विडमध्ये आणि रंगीत कपड्यांच्या 'कलर' साबणात नसतं. 'इको' लावू नका, त्यात वेळ वाढवून वीज वाचवतात, पाणी पुरेसं तापेलच असं नाही. महिन्यातून एकदा पुरे. टॉवेल-चादरीही अधूनमधून ६० वर धुवा. सॉफ्टनर मी तर बंदच केलाय, त्याचाही थर बसतो.

म्युनिकचं पाणी जड, त्यामुळे क्षार साचतात. डीएम या दुकानात (साबण-शाम्पूवाल्या) सायट्रिक ॲसिडची पावडर मिळते. पाच-सहा मोठे चमचे ड्रममध्ये टाकून ३० अंशांवरच फिरवा. फार तापवलं तर त्याचाच वेगळा पांढरा थर बसतो. व्हिनेगरचा उपाय सगळे सांगतात, पण तो वारंवार केला तर रबराचं नुकसान होतं. आणि क्लोरीनच्या ब्लीचबरोबर यातलं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

रोजचं एवढंच: दार आणि कप्पा किलकिले ठेवा, धुणं रात्रभर आत ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर बाथरूमचं दार मात्र लावून घ्या.

हे सगळं शनिवारी दुपारी उरका. रात्री दहानंतर आणि रविवारी मशीन लावायचं की नाही ते 'हाउसऑर्डनुंग'मध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या नियमांत, बघा, नाहीतर लिफ्टमध्ये चिठ्ठी लागते, आणि ती कोणासाठी आहे ते अख्ख्या बिल्डिंगला कळतं.