भ्रूण रुजण्याचा अभ्यास: पहिला प्रयोग कसा मांडावा

फलनानंतर साधारण सहा-सात दिवसांनी भ्रूण गर्भाशयाच्या अस्तराला चिकटते आणि ती घटना डोळ्यांनी पाहता येत नाही. उंदीर येथे अपुरा पडतो, कारण त्याच्या अस्तरातील डेसिड्युअल बदल (गर्भ स्वीकारण्यासाठी अस्तराच्या पेशींत होणारा बदल) भ्रूण आल्यावरच होतो, तर स्त्रीमध्ये तो दर मासिक चक्रात आपोआप सुरू होतो. म्हणून मानवी पेशींपासूनच आरंभ करावा. मात्र पहिल्या प्रयोगाला खरे भ्रूण लागत नाही.

अस्तराच्या जागी आरएल९५-२ या गर्भाशयाच्या अस्तरापासून आलेल्या पेशींचा थर आणि भ्रूणाच्या जागी जेएआर या वारेच्या पेशींचे १०० ते २०० मायक्रॉन व्यासाचे गोळे घ्यावेत. शेजारच्याच वेलमध्ये (प्लेटमधील खळग्यात) एचईसी-१-ए या अस्तराच्याच दुसऱ्या पेशींचा थर ठेवावा, कारण त्यावर गोळे फारसे चिकटत नाहीत आणि हा फरक दिसला नाही तर पुढचे काही मोजण्यात अर्थ नाही. या सर्व कर्करोगाच्या पेशी आहेत, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नये.

थर सलग आहे की नाही, हे वेलच्या कडेपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. बारीकशी फट राहिली तरी गोळा प्लास्टिकला चिकटतो आणि आपण तो अस्तराच्या खात्यात जमा करतो. हॉर्मोनचा परिणाम तपासायचा असल्यास फिनॉल रेड हा रंग नसलेले मीडियम (पेशी वाढवण्याचा द्रव) आणि कोळशाने स्टेरॉइड काढलेले सीरम वापरावे, कारण फिनॉल रेड स्वतःच सौम्य इस्ट्रोजेनसारखे वागते.

खरी गफलत न चिकटलेले गोळे धुऊन काढण्यात होते. एकाचा हात जड, दुसऱ्याचा हलका, आणि तेवढ्याने आकडे बदलतात. त्यापेक्षा वेल मीडियमने काठोकाठ भरून, प्लेट सीलबंद करून उलटी ठेवावी आणि सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी हळू फिरवावी, म्हणजे प्रत्येक गोळ्यावर सारखाच जोर पडतो. चिकटून राहिलेले गोळे मोजणाऱ्याला कोणत्या वेलमध्ये काय घातले आहे, हे ठाऊक नसावे.

यानंतरच अस्तराच्या ऑर्गनॉइडकडे (पेशींपासून वाढवलेल्या अस्तराच्या छोट्या प्रतिकृतीकडे) आणि ब्लास्टॉइडकडे (मूळपेशींपासून बनवलेल्या भ्रूणाच्या प्रतिकृतीकडे) वळावे. व्हिएन्नातील गटाने २०२१ मध्ये दाखवलेले ब्लास्टॉइड हॉर्मोनने तयार केलेल्या थरालाच चिकटले, तेही आतील पेशीपुंजाच्या बाजूने. मात्र त्यांना भ्रूणाभोवती असणारे झोना हे कवच नसते, त्यामुळे कवच फोडून बाहेर येण्याचा टप्पा त्यांच्यात अभ्यासता येत नाही. त्यासाठी दान केलेले भ्रूणच लागते. तेथे दात्यांची लेखी संमती, नीतिसमितीची मंजुरी आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील १४ दिवसांची मर्यादा लागू होते; आदिरेषा (भ्रूणात शरीराची दिशा ठरवणारी पहिली रेष) त्याआधी दिसली, तर कल्चर (भ्रूण प्रयोगशाळेत वाढवणे) तेथेच थांबवावे लागते.