आधी टॅम लिन, मग कादंबरी: फेअरींच्या कथांवर एम.ए.चा प्रबंध करताना

गेल्या वर्षभरात तीन-चार जणींनी विचारलं की फँटसी कादंबऱ्यांवर, त्यातही आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या फेअरींच्या गोष्टी नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्यांवर एम.ए.चा प्रबंध करता येतो का, गाईड हो म्हणतात का, इथे बसून साहित्य मिळतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. करता येतो. मी पुण्यात राहून केला, तिकडे एकदाही न जाता, आणि मूळ साहित्य जवळजवळ सगळं फुकट मिळालं. पण सुरुवात कुठून करायची हे कुणी सांगितलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

मी सुरुवात केली कादंबऱ्यांपासून, कारण आवड तिथूनच लागलेली. सात कादंबऱ्या वाचल्या, वहीभर नोट्स काढल्या आणि सिनॉप्सिस लिहिला, त्यात आयरिश, वेल्श, स्कॉटिश सगळं 'सेल्टिक लोककथा' या एका नावाखाली घातलं. मॅडमनी पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे 'सेल्टिक' होतं तिथे तिथे गोल केला. म्हणाल्या, "अगं, कुठली भाषा, कुठला मुलूख, ते लिही ना. कोकणातली गोष्ट आणि मेळघाटातली गोष्ट तू एका पिशवीत भरशील का?" सिनॉप्सिस परत आला.

तेव्हा कळलं की सेल्टिक हे मुळात भाषांच्या कुळाचं नाव, त्यात एकीकडे आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स आणि दुसरीकडे वेल्श, कॉर्निश, ब्रेटन. वेल्श गोष्टींतलं दुसरं जग म्हणजे अन्नून, ते 'मॅबिनोगियन' या जुन्या वेल्श गोष्टींच्या संग्रहात भेटतं, तिथला राजा आरॉन आणि वेल्समधल्या डावेदचा राजा पुइल वर्षभरासाठी रूपं आणि राज्यं बदलून घेतात. आयरिश गोष्टींत ही मंडळी टेकाडांच्या पोटात राहतात, त्या टेकाडांना आणि त्यातल्या लोकांना दोघांनाही 'शी' म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कितीतरी कादंबऱ्या ज्या दोन गाथागीतांवर (बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारी जुनी गाणी) उभ्या आहेत, 'टॅम लिन' आणि 'थॉमस द ऱ्हायमर', ती गेलिकमधे नाहीतच, ती स्कॉट्समधे आहेत, म्हणजे इंग्रजीच्या सख्ख्या बहिणीत. मुलूख स्कॉटलंडच्या सीमेवरचा, सेलकर्कजवळचं कार्टरहॉ, मेलरोजजवळच्या आयल्डन टेकड्या. हा मुद्दा मी पहिल्याच चॅप्टरमधे दोन पानांत मांडला आणि व्हायवाला सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले, तेव्हा तो टाळू नका.

दुसरी अडचण 'परी' या शब्दाची. मी नोट्स मराठीत काढायचे आणि फेअरीला सरळ परी लिहायचे, त्यामुळे डोक्यात पंख, चांदणी लावलेली काठी, लहान मुलांची गोष्ट. पंख त्यांना बरेचसे नंतरच्या चित्रकारांनी आणि नाटकवाल्यांनी लावले. जुन्या गोष्टींतली ही माणसं बहुतेकदा आपल्याएवढीच असतात, घोड्यावरून जातात, गुरं पाळतात, नाचतात, माणसं पळवून नेतात. लोक त्यांचं नाव घ्यायचं टाळायचे, 'भली माणसं' म्हणायचे. हे वाचलं आणि एकदम आजी आठवली, ती रात्री साप शब्द उच्चारू द्यायची नाही, लांबडं म्हणायची. तेवढं एक समजलं की बाकीचं सगळं वेगळं दिसायला लागतं. १८९५ मधे टिपेरारीत ब्रिजेट क्लिअरी नावाच्या बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं, ही माझी बायको नव्हे, फेअरींनी ठेवलेली बदली आहे असं तो म्हणत होता. हे प्रकरण कोर्टात गेलं, शिक्षा झाली. हे वाचल्यावर मी 'परी' शब्द काढून टाकला आणि पूर्ण प्रबंधात फेअरीच ठेवला. आपल्याकडच्या आसरा, वेताळाची पालखी यांची तुलना करायचा मोह खूप होतो, मलाही झाला, एखादी ओळ ठीक आहे पण चॅप्टर करू नका, त्यासाठी वेगळा अभ्यास लागतो.

आता मुख्य सल्ला. कादंबरी बाजूला ठेवा आणि आधी टॅम लिन वाचा. फ्रान्सिस जेम्स चाईल्ड या अमेरिकन प्राध्यापकांनी १८८२ ते १८९८ मधे ३०५ गाथागीतं त्यांच्या वेगवेगळ्या पाठांसकट, म्हणजे एकाच गाण्याच्या निरनिराळ्या रूपांसकट छापली, त्यात टॅम लिन ३९ नंबरला आणि थॉमस ३७ नंबरला, सगळे खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, विकत घ्यायची गरज नाही. ३९ 'अ' हा पाठ आधी घ्या, तो रॉबर्ट बर्न्सकडून आला आणि १७९२ मधे छापला गेला. स्कॉट्स वाचायला पहिले दोन दिवस जड जाईल, मोठ्याने वाचा, मोठ्याने वाचलं की अर्थ लागतो.

गोष्ट अशी की कार्टरहॉला जाऊ नका असं सगळ्या मुलींना बजावलेलं असतं आणि जॅनेट जाते. तिथे गुलाब तोडते, टॅम लिन येतो आणि विचारतो माझ्या परवानगीशिवाय कशी आलीस, तर ती ठणकावते की कार्टरहॉ माझं आहे, माझ्या बापाने मला दिलंय. जमिनीची मालकी सांगणारी नायिका, जुन्या गाण्यात! पुढे तिला दिवस जातात. टॅम लिन मूळचा माणूसच, फेअरींच्या राणीने धरून नेलेला, आणि फेअरी दर सात वर्षांनी नरकाला खंड भरतात, म्हणजे एक जण देऊन टाकतात, या खेपेला आपलाच नंबर लागेल अशी त्याला भीती. तो तिला सांगतो, हॅलोवीनच्या रात्री माइल्स क्रॉसला थांब, काळा घोडा जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढऱ्यावरच्याला खाली खेच आणि काही झालं तरी सोडू नकोस. मग तिच्या मिठीत त्याची रूपं बदलत जाणार, पाल, साप, अस्वल, सिंह, तापून लाल झालेली लोखंडी सळई, शेवटी जळता निखारा, तो मात्र विहिरीच्या पाण्यात टाकायचा, मग उघडा माणूस बाहेर येईल त्याच्यावर आपला हिरवा झगा टाकायचा. तसंच होतं. आणि शेवटचा शब्द राणीचा, ती चिडून टॅम लिनला म्हणते की हे आधी कळलं असतं तर तुझे डोळे काढून लाकडाचे बसवले असते.

हे एवढं पाठ झालं की कादंबरी उघडा. मी एका मोठ्या कागदावर रकाने पाडले, धरून ठेवणं, खंड, सात वर्षं, जागा, राणी, आणि प्रत्येक कादंबरीत त्याचं काय झालं ते भरत गेले. पहिला, धरून ठेवण्याचा रकाना भरताना माझा प्रबंध मला सापडला. एलिझाबेथ मेरी पोप यांची १९७४ ची 'द पेरिलस गार्ड' इंग्लंडच्या राणी मेरीच्या काळात, १५५८ मधे घडते, तिथे नायिका केट ज्याला वाचवते त्याला ती बोलून बोलून जागेवर धरून ठेवते. डायना विन जोन्स यांच्या १९८५ च्या 'फायर अँड हेमलॉक'मधे तर उलटंच होतं, नायिका पॉलीला ज्याला वाचवायचं त्यालाच सोडावं लागतं, धरून ठेवलं तर तो जाणार. एका हाताच्या पकडीचं या दोघी लेखिकांनी किती वेगळं काहीतरी केलं, हे मूळ गाणं न वाचता मला दिसलंच नसतं, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पान असंच उलटलं होतं. एलेन कुश्नर यांची १९९० ची थॉमसवरची, म्हणजे फेअरींच्या राणीबरोबर सात वर्षं राहून परतलेल्या त्या माणसावरची कादंबरी पण घ्या, चार निवेदक आहेत, आणि खोटं बोलता न येणारी जीभ घेऊन परतलेला माणूस घरात कसा राहतो हा भाग गाण्यात नाही, तो त्यांनी लिहिलाय आणि फार मायेने लिहिलाय.

आयरिश बाजूला जाणार असाल तर डूखस (duchas.ie) ही साइट बुकमार्क करा. १९३७ ते १९३९ मधे आयर्लंडच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना आईवडिलांकडून, आजीआजोबांकडून, शेजाऱ्यांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितलं होतं, ती सुमारे ७ लाख ४० हजार पानं आहेत. स्कॅन उघडला की शाईतलं मुलांचं गोल-गोल अक्षर दिसतं, खूप ठिकाणी खाली सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव. कुणीतरी फेअरींच्या मानलेल्या जुन्या गढीतलं झाड तोडलं आणि मग गुरं मेली, अशा गोष्टी वाचाल तेवढ्या. आणि ते संपलेलं नाही, १९९९ मधे क्लेअर परगण्यात लाटून नावाच्या ठिकाणी रस्त्याच्या कामात येणारं, फेअरींचं मानलेलं हॉथॉर्नचं एक काटेरी झुडूप कथाकार एडी लेनिहान यांनी आवाज उठवला म्हणून वाचलं. गेलिक स्कॉटलंडसाठी अ‍ॅबरफॉइलचे पाद्री रॉबर्ट कर्क यांचं फेअरींवरचं पुस्तक वाचा, १६९१-९२ च्या सुमारास लिहिलेलं, छापलं गेलं १८१५ मधे, ते फेअरींना माणूस आणि देवदूत यांच्या मधले म्हणतात.

किरकोळ पण कामाचं: उच्चार आधीच शिकून घ्या, सौअन (हॅलोवीनच्या वेळचा सण), नीव आणि उशीन (गोष्टींतली माणसं), तीर ना नोग (चिरतारुण्याचा देश), स्पेलिंग बघून बोललात तर व्हायवाला अडखळाल. कादंबऱ्या तीनच घ्या, सात नकोत. गाथागीत उद्धृत करताना पाठाचं अक्षर द्यायलाच हवं, ३९ 'अ' आणि ३९ 'ब' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझ्या पहिल्या ड्राफ्टमधे ते नव्हतं म्हणून पूर्ण चॅप्टरच्या तळटीपा परत कराव्या लागल्या.

माझ्या कागदावरचा राणीचा रकाना मात्र जवळपास रिकामाच राहिला, जागा कमी आणि वेळ संपला. तिचा माणूस गेला, खंड भरायचा राहिला, आता नरकाला कुणाला देणार, हे गाणं सांगत नाही. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, माझ्या नोट्स देते.