किमान वेतनात महिना निघतो का, हे वहीत कसं काढायचं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या काही छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं मी करते. पगाराच्या आठवड्यात टेबलासमोर एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी येतो, "ताई, एवढ्यात भागवायचं कसं?" तोंडी उत्तर देण्यात अर्थ नसतो, कारण प्रत्येकाचं घर वेगळं. पण वहीत ते काढता येतं, आणि एका बैठकीचं काम आहे. एक दोनशे पानी वही, बँकेचं पासबुक, पगाराची पावती आणि घरात बाजारहाट करणारं माणूस, एवढं घेऊन बसा. हे शेवटचं विसरू नका. नवरा एकटा बसला की किराणा दोन हजारांत बसतो, आणि मग सगळा हिशोब कसा झकास जुळतो!

पहिलं पान हक्काचं. तुम्हाला कायद्यानं किती मिळायला हवं, ते आधी लिहा. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ वेतन आणि विशेष भत्ता. मूळ वेतन बरीच वर्षं तेच राहतं. विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकावर ठरतो आणि जानेवारी ते जून, जुलै ते डिसेंबर असा सहा-सहा महिन्यांनी बदलतो. दर उद्योगाप्रमाणे वेगळे, शिवाय गावाचं परिमंडळ (झोन) कुठलं आणि कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल, यावर ठरतात. त्यामुळे शेजारच्याचा आकडा आपला धरू नका. फाउंड्रीची यादी वेगळी, दुकानाची वेगळी. कामगार खात्याच्या संकेतस्थळावर याद्या असतात. मोबाईलवर उघडून आपल्या ओळीचा फोटो काढून ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. जुन्या 1948 च्या कायद्यात अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांनाच किमान वेतन होतं, संहितेत ते सगळ्याच कामगारांना आहे. त्यामुळे "आमच्या धंद्याला तो कायदा लागत नाही" हे मालकाचं जुनं पालुपद आता चालायचं नाही.

याच पानावर आपली श्रेणी तपासा. पैशाची सगळ्यात मोठी गळती इथे असते. दहा-दहा वर्षं लेथ चालवणारा माणूस कागदावर 'हेल्पर' म्हणून सापडतो. लागला तेव्हा हेल्पर होता, पुढे कुणी ती ओळ बदललीच नाही. अशी पत्रकं माझ्यासमोर आली की मी मालकाला विचारते. काही जण दुरुस्त करतात, काही जण चहा मागवतात.

आता दुसरं पान, हातात येणाऱ्या पैशाचं. उदाहरणासाठी मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून 13,000 रुपये धरते. आकडा हिशोबाला सोपा म्हणून घेतलाय, तुम्ही आपल्या यादीतला घाला. बऱ्याच उद्योगांत यावर 5 टक्के घरभाडं भत्ता असतो, म्हणजे 650. एकूण 13,650. यातून पीएफ 13,000 च्या 12 टक्क्यांनी 1,560, ईएसआय (कामगार विमा) 13,650 च्या 0.75 टक्क्यानं 103, व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). हातात 11,787. बाई असेल तर व्यवसाय कर नाही, महिना 25,000 पर्यंत माफ आहे, म्हणजे 11,987.

हा पैसा पूर्ण हजेरीचा. दिवसाचा रोज काढताना 13,000 ला 26 नं भागतात, म्हणजे 500 रुपये. रविवारी पोट थोडंच सुट्टीवर असतं! ताप, सोयरसुतक, गावाकडची जत्रा धरून मागच्या वर्षी किती खाडे पडले ते पावत्यांवरून मोजा आणि त्याची महिन्याची सरासरी वजा करा. महिन्याला एक खाडा जरी पडत असेल तरी 11,787 हा तुमचा पगार नाही.

कापलेला पैसा पोचतो का, हेही इथेच पाहा. पीएफचं पासबुक यूएएन नंबरावर (पीएफचा कायमचा खातेनंबर) दिसतं. मालकाचा हिस्सा मालकानं घालायचा असतो. काही ठेकेदार दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून कापतात. 1,560 च्या जागी तीन हजारांवर कपात दिसली तर तेच चाललंय असं समजा. आणि बँकेत पूर्ण पगार टाकून त्यातले हजार-दोन हजार रोख परत मागायचे, हा प्रकारही आपल्याकडे नवा नाही. परत दिलेला पैसा पाच तारखेला, सात तारखेला, जेव्हा दिला तेव्हा वहीत लिहा, कुणाच्या हातात दिला तेही.

तिसरं पान खर्चाचं. इथे घाई करू नका. एका फाउंड्री कामगाराच्या बायकोनं माझ्यासमोर बसून हे पान भरलं होतं. नवरा-बायको, दोन शाळेतली पोरं, पत्र्याची एक खोली. तिच्या आकड्यांना थोडं गोल करून देते. ज्वारी, गहू, तांदूळ मिळून 35 किलो, 1,400. तूरडाळ आणि कडधान्य 560. तेल चार पुडे, 580. साखर-चहा 376. शेंगदाणे 195, कारण आमच्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही. चटणीचा मसाला, मीठ, किरकोळ 200. किराणा झाला 3,311. त्यावर गिरणीचे 150, दूध रोज अर्धा लिटर 840, भाजी 1,350, रविवारचं मटण नव्हे, चिकन आणि अंडी, 800. म्हणजे निव्वळ खाण्याचे साधारण 6,450.

मग गॅस. त्यांना टाकी महिना-सव्वा महिना जाते, म्हणून महिन्याला 750 धरले. लाइट 500. खोल्या भाड्यानं देणारे बरेचदा तीन-चार खोल्यांना एकच मीटर ठेवतात आणि आत सबमीटर बसवतात. सगळ्यांची युनिटं एकाच बिलात आल्यानं पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त दर सगळ्या खोल्यांत मिळून एकदाच मिळतो. खोली बघायला जाल तेव्हा भाड्याआधी मीटर विचारा. गाडीला पेट्रोल 700, साबण-सोडा 500, औषधपाणी 400, शाळा 700. दोन मोबाईलचे रिचार्ज 600. हा खर्च महिन्याचा वाटतो, पण पॅक 28 दिवसांचे असतात, वर्षात तेरा वेळा मारावे लागतात.

खोलीचं भाडं 3,000. यापेक्षा स्वस्त खोल्या सांगलीत आहेत, नदीच्या अंगाला. 2005, 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मग ठरवा. वाचवलेलं भाडं गाद्या, धान्य आणि शिलाई मशीनच्या रूपानं एका ऑगस्टमध्ये वाहून जातं.

चौथ्या पानावर वर्षाचे ठोक खर्च. दिवाळी, कपडे, लग्नाचे आहेर, जूनमधल्या वह्या-दप्तरांचा उरलेला भाग, गावी जाणं. हा खर्च "कधीतरीचा" म्हणून लोक सोडून देतात, आणि कर्ज नेमकं त्याच्यासाठी निघतं. वर्षाचे 12,000 धरले तर महिन्याला 1,000.

बेरीज करा: खाण्याचे 6,450 आणि गॅस-लाइटचे 1,250, वर पेट्रोलपासून रिचार्जपर्यंतचे 2,900, भाडं 3,000, ठोकातले 1,000. एकूण 14,600. हातात 11,787. तूट 2,813, तीसुद्धा फायनान्सचा हप्ता आणि तंबाखू न धरता. आता यातून भाडं काढून बघा. खर्च 11,600 होतो आणि 187 रुपये उरतात. मला वर्षानुवर्षं पगारपत्रकांच्या पलीकडे दिसत आलेली गोष्ट हीच आहे. ज्यांना आईबापाची खोली आहे, गावाकडून ज्वारीचं पोतं येतं, त्यांचा महिना एका पगारात ओढूनताणून निघतो. भाड्यानं राहणाऱ्या चौघांचा निघत नाही. घरभाडं भत्ता 650 आणि खोली तीन हजारांना, एवढी एकच ओळ बघितली तरी पुरे.

किमान वेतन ठरवताना माणसं कशी मोजायची, हे 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं. कमावणारा एक, त्याची बायको 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6, असे मिळून तीन घटक. दर घटकाला दिवसाला 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 यार्ड कापड. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण, औषधपाणी, सणवार वगैरेंसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितले. या मोजणीत म्हातारे आईबाप नाहीत. केंद्रानं नेमलेल्या अनुप सत्पथी समितीनं 2019 मध्ये तीनऐवजी 3.6 घटक धरले आणि देशासाठी दिवसाला 375 रुपये सुचवले. सरकारनं त्याच वर्षी राष्ट्रीय तळदर (देशभरासाठीचा कमीत कमी दर) दिवसाला 176 वरून 178 केला. दोन रुपये!

तूट कशी भरायची? बहुतेक जण ओव्हरटाइमनं भरतात, म्हणून त्याचा भाव माहीत हवा. 13,000 ला 26 आणि मग 8 नं भागलं की तासाचे साडेबासष्ट रुपये. कायद्यानं ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे 125. डबलनं मिळाला तर 2,813 ची तूट साधारण 23 तासांत भरते. सिंगलनं देत असतील तर त्याच पैशाला 45 तास लागतात. त्यामुळे "माझं भागतं की" असं सांगणाऱ्याला आधी विचारा, आठ तासांत की बारा तासांत?

दुसरी वाट घरातल्या दुसऱ्या कमाईची. आमच्या भागात बायका हंगामात बेदाणा निवडायला जातात, कुणी धुणीभांडी करतं, कुणी शिवण. तो पैसा वहीत वेगळ्या रंगानं लिहा, कारण बेदाण्याचं काम वर्षभर नसतं आणि वर्षभराचं भाडं त्याच्या भरवशावर ठरवलं की पावसाळ्यात उचल मागायची पाळी येते. लाडकी बहीणचे 1,500 येत असतील तर तेही असेच वेगळे ठेवा. कामावर एसटीनं जाणाऱ्या बायकांनी अर्धं तिकीट धरूनच हिशोब करावा, मार्च 2023 पासून ती सवलत आहे. पुरुषांनी रोज तिकीट काढण्यापेक्षा मासिक पास काढावा, वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस जाता येतं.

रेशनचं मात्र विचित्र आहे. रेशनच्या यादीत 'प्राधान्य कुटुंब' म्हणून नाव असेल तर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं, चौघांना 20 किलो. म्हणजे वरच्या पानातले सात-आठशे रुपये वाचले. पण शहरात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 आहे, गावात 44,000. आपल्या उदाहरणातल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न 1,63,800. म्हणजे कायद्यानं ठरवलेला कमीत कमी पगार ज्याला प्रामाणिकपणे मिळतो, तो रेशनच्या लेखी श्रीमंत! केशरी कार्डाची एक लाखाची मर्यादासुद्धा तो ओलांडतो. म्हणून नवीन कार्डावरचं फुकट धान्य हिशोबात आधीच धरू नका.

किराण्यात वाचवायला जागा आहे, पण थोडी. सांगलीच्या गणपती पेठेतल्या बाजारातून महिन्याचं एकदम भरलं तर कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतं. अडचण अशी की एकदम भरायला हातात एकदम पैसे लागतात, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार खात्यावर देतो. बोनस मिळतो त्या महिन्यात खातं फेडून एकदा पेठेतून भरा, मग चक्र फिरतं. बोनस हा हक्क आहे, 8.33 टक्के किमान. लागू असूनही दिला नाही तर मागा.

ईएसआयचे 103 रुपये कापले जातात आणि तरी लोक खासगी दवाखान्यात रोख मोजतात. ईएसआयचं ई-पहचान कार्ड काढून त्यावर बायकामुलांची नावं आहेत का बघा. आजारपणात ठरावीक अटींवर पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते, हे निम्म्या कामगारांना ठाऊकच नसतं.

हिशोबात पहिल्या पानाचा आकडा पावतीवरच्या कपातीआधीच्या पगारापेक्षा जास्त निघाला, म्हणजे हक्काचा पगारच मिळत नसेल, तर काटकसर नंतर. आधी फरक मागा. पासबुकाच्या नोंदी, पगाराच्या पावत्या, गेटपास, हजेरीचा फोटो, जे असेल ते जमवा आणि सहायक कामगार आयुक्तांच्या सांगली कार्यालयात अर्ज द्या. नव्या संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. एकट्यानं जाण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून जावं, म्हणजे उद्या गेटवर एकट्यालाच अडवता येत नाही. अर्जात भाषण नको. कामाला लागल्याची तारीख, काम, श्रेणी, मिळालेला पगार, यादीतला पगार आणि महिनावार फरक, असा एक तक्ता पुरतो. दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.