अथेन्स एका दिवसात: गाडी ठरवण्याआधी विचारायचे आणि निघण्याआधी भरायचे

अथेन्समध्ये दिवसभरासाठी खासगी गाडी ठरवताना आपण आधी भाडे विचारतो. त्याआधी हे विचारा: सोबत येणारा माणूस ड्रायव्हर आहे की गाइड? ग्रीसमध्ये पुरातत्त्वीय स्थळांवर आणि संग्रहालयांत पर्यटकांना माहिती सांगण्याचा अधिकार फक्त परवानाधारक गाइडला असतो. त्यासाठी त्यांना रीतसर शिक्षण घ्यावे लागते आणि ओळखपत्र जवळ बाळगावे लागते. ड्रायव्हर कितीही गप्पिष्ट असो, इतिहास त्याला तोंडपाठ असो, अ‍ॅक्रोपोलिसच्या (प्राचीन देवळांच्या टेकडीच्या) फाटकापाशी तो थांबणार आणि तुम्ही एकटे आत जाणार. जाहिरातीत ‘प्रायव्हेट टूर’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की गाडी तुमची आणि चालवणाऱ्याला बरे इंग्रजी येते. त्यात फसवणूक नाही, पण आपली अपेक्षा वेगळी असली तर टेकडीवर दगडांकडे बघत उभे राहावे लागते.

तेव्हा ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, पण लेखी, या गोष्टी ठरवून घ्या. गाइड आहे का, असेल तर किती तासांसाठी. तिकिटे भाड्यात धरली आहेत की वेगळी काढायची. तास हॉटेलच्या दारापासून मोजणार की ड्रायव्हर निघाल्यापासून. ठरल्यापेक्षा वेळ जास्त झाला तर काय दर. लहान मूल असेल तर त्याची सीट गाडीत असेल का. सहा माणसे आणि सहा मोठ्या बॅगा असतील तर तेही आधीच सांगा, कारण गाडीत माणसे मावतात आणि बॅगा राहतात. माझे मत विचाराल तर दिवसभर गाइड घेण्याची गरज नाही. अ‍ॅक्रोपोलिस आणि त्याच्या पायथ्याचे संग्रहालय एवढ्यासाठी तीन-चार तास चांगला गाइड घ्या आणि त्यात कंजुषी करू नका. उरलेल्या शहराला ड्रायव्हरच्या गप्पा पुरतात.

मग तारीख. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार आणि २५-२६ डिसेंबर या दिवशी अ‍ॅक्रोपोलिस बंद असते. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरातल्या ईस्टरच्या दिवशी येतोच असे नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी त्या वर्षाची तारीख वेगळी बघावी. काही दिवस प्रवेश फुकट असतो, उदाहरणार्थ १८ मे आणि २८ ऑक्टोबर. गाडीला पैसे मोजून नेमके त्या दिवशी जाण्यात अर्थ नाही, तिकिटाचे वाचलेले पैसे रांगेत फिटतात. रविवारी सकाळी ११ वाजता सिंटाग्मा चौकात संसदेसमोर पहारेकऱ्यांची मोठी संचलनासह बदली होते, ती बघण्यासारखी आहे, पण त्या दिवशी बरीचशी दुकाने बंद असतात. खरेदी करायची असेल तर रविवार नको.

शाळांच्या सुट्टीमुळे आपली मंडळी मे-जूनमध्ये निघतात. जमत असेल तर मेचा पहिला पंधरवडा धरा. जूनच्या अखेरीपासून ऊन तापते आणि २०२३ पासूनच्या उन्हाळ्यांत काही दिवस उष्णतेच्या लाटेमुळे अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी काही तास बंद ठेवले गेले आहे. मुंबई-नागपूरचा उन्हाळा काढलेल्यांना ‘आम्हाला उन्हाचे काय’ असे वाटते. पण तिथे वर झाड नाही, पायाखाली आणि चहूकडे पांढरा संगमरवर, आणि सगळा उजेड डोळ्यांत येतो. गॉगल आणि टोपी चैनीच्या नव्हे, औषधाच्या यादीत लिहा. दिवाळीची सुट्टी या शहरासाठी फार चांगली, फक्त तोपर्यंत बंद व्हायची वेळ बरीच अलीकडे आलेली असते, ती बघून घ्या.

तिकीट. एप्रिल २०२५ पासून अ‍ॅक्रोपोलिसचे तिकीट ३० युरो आहे. पूर्वी एकाच तिकिटावर शहरातली सहा-सात प्राचीन स्थळे होत असत, ते संयुक्त तिकीट आता बंद झाले. जुन्या प्रवासवर्णनांत त्याची शिफारस वाचाल, ती सोडून द्या. प्रवेश ठरावीक वेळेचा असतो आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा २०२३ मध्ये घातली गेली आहे, त्यामुळे ‘तिथे गेल्यावर काढू’ चालत नाही. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा आणि सकाळी ८ ची पहिली वेळ घ्या. ती गेली तर संध्याकाळचे शेवटचे दोन तास. दहा ते एकच्या मध्ये पिरेयस बंदरात लागलेल्या जहाजांवरची माणसे बसच्या बस भरून वर येतात, तेव्हा मुख्य दारातून आत शिरायलाच वेळ लागतो. गाडीची वेळ तिकिटावरून ठरवायची, तिकीट गाडीवरून नाही. मुलांना सवलत असेल तर वयाचा पुरावा मागतात, म्हणून पासपोर्ट जवळ हवेतच.

व्हिसा आणि विम्याचे थोडक्यात. शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) लागतो, आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा. क्रूझवरून येणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी: जहाज मध्येच तुर्कस्तानच्या बंदराला लागून परत ग्रीसमध्ये येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरणार नाही. तुर्कस्तानसाठी काय लागते तेही वेगळे विचारा.

आता दिवसाचा क्रम. आधी टेकडी, मग संग्रहालय. उलट करू नका. टेकडीवर जाण्याआधी एक संध्याकाळ वाचनाला द्या, निदान एवढे तरी: अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात, इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये पार्थेनॉन या टेकडीवरच्या मुख्य देवळाचे काम सुरू झाले, इक्तिनोस आणि कॅलिक्रेटिस हे त्याचे वास्तुकार, शिल्पांवर देखरेख फिडियासची, आणि ४३२ पर्यंत शिल्पकामही पुरे झाले. पंधरा वर्षे! नंतर हे देऊळ चर्च झाले, मग मशीद झाले, आणि दोन हजारांवर वर्षे बऱ्यापैकी उभे होते. आज दिसते ती पडझड मुख्यतः २६ सप्टेंबर १६८७ ची. तुर्कांनी आत दारूगोळा ठेवला होता आणि व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. (इकडे रायगडाच्या गादीवर तेव्हा संभाजी महाराज होते.) पार्थेनॉनच्या आत जाऊ देत नाहीत, भोवतीने फिरायचे असते. क्रेन आणि परांची फोटोत येऊ शकतात. दुरुस्ती १९७५ पासून चालू आहे, तेव्हा ‘आपणच नेमके चुकीच्या वेळी आलो’ म्हणून हळहळू नका.

शेजारच्या एरेक्थिऑनच्या सज्जाला खांबांच्या जागी सहा स्त्रियांचे पुतळे आहेत. तिथे दिसतात त्या सहाही प्रतिकृती. मूळच्या पाच खाली संग्रहालयात आहेत आणि सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. तिला नेणारा लॉर्ड एल्गिन म्हणजे इस्तंबूलच्या दरबारातला इंग्रजांचा राजदूत. १८०१ पासून त्याच्या माणसांनी पार्थेनॉनवरची शिल्पेही काढून नेली. मराठी माणसाला हे घराणे तसे परके नाही: पुण्यात प्लेगच्या वेळी, २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली तेव्हा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता तो याच एल्गिनचा नातू. गाइडला हे सांगून बघा, गप्पांना रंग चढेल.

टेकडी आधी कशासाठी, ते संग्रहालयाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर कळते. २००९ मध्ये उघडलेल्या या इमारतीत पार्थेनॉनचा शिल्पपट्ट मूळ देवळात जसा फिरत होता त्याच मापात आणि त्याच दिशांनी लावला आहे, आणि काचेतून समोर टेकडीवर देऊळ दिसते. पिवळसर, झिजलेले तुकडे अस्सल. पांढरे फटक प्लास्टरचे तुकडे बाहेर गेलेल्यांच्या जागी, आणि त्यांतले बहुतेक लंडनला. वेगळे लिहून सांगावे लागत नाही. इथे निदान दीड तास ठेवा. तिकीट वेगळे, ते आधी काढा. प्रवेशाशी आणि आत काही ठिकाणी जमीन काचेची आहे, खाली उत्खननात सापडलेली जुनी वस्ती दिसते. उंचीची भीती असणाऱ्यांना कडेने जाता येते, पण आधी सांगितलेले बरे.

टेकडी कितपत चढायची, हा ज्येष्ठांचा नेहमीचा प्रश्न. ज्याला पर्वती चढवते त्याला अ‍ॅक्रोपोलिस चढवेल. अडचण चढाची नाही, घसरण्याची आहे. लाखो पावलांनी तो संगमरवर आरशासारखा गुळगुळीत केला आहे आणि कोरडा असतानाही पाय सटकतो. खाली रबरी, खाचांचा तळ असलेले बूट घाला. नवे कोरे बूट नकोत, निदान आठवडाभर वापरलेले हवेत. कोल्हापुरी आणि उंच टाचा हॉटेलवर ठेवा, टाचांच्या चपलांना तर आत मनाईच आहे. व्हीलचेअरवरच्या माणसांसाठी वायव्येच्या बाजूला लिफ्ट आहे, पण तिची आधी चौकशी करून ठेवावी लागते आणि जोराचा वारा सुटला की ती बंद ठेवतात. मोठी बॅग आत नेता येत नाही. छोटी सॅक, पाण्याची बाटली, टोपी, गुडघ्याचा पट्टा लागत असेल तर तो, एवढेच. वर खायला बसता येत नाही, तेव्हा आठ वाजण्याआधी पोटात काहीतरी जायला हवे, आणि मधुमेह असणाऱ्यांनी खिशात दोन गोळ्या साखरेच्या ठेवाव्यात.

गाडी घेतली म्हणजे दारापर्यंत जाईल, हाही एक गैरसमज. टेकडीच्या दक्षिणेचा रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे आणि पायथ्याच्या प्लाका या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. संग्रहालय झाल्यावर कुठे भेटायचे ते सकाळी उतरतानाच नकाशावर खूण करून ठरवा. खाली प्लाका आणि अनाफिओटिकाच्या पांढऱ्या घरांमधून पायीच फिरा, जेवण तिथेच कुठेतरी होईल. गाडीचा खरा उपयोग दुपारनंतर. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकचे सबंध संगमरवरी स्टेडियम एका बाजूने उघडे आहे. बाहेरून उभ्याउभ्याही दिसते, दहा मिनिटे पुष्कळ. २७७ मीटर उंचीच्या लिकाबेटस टेकडीवर गाडी बरीच वर जाते, उरलेल्या पायऱ्या चढाव्या लागतात.

की सुनिऑनला जायचे? समुद्राकाठच्या रस्त्याने सत्तरएक किलोमीटरवर, कड्याच्या टोकाला पोसायडनचे देऊळ आहे. सूर्यास्ताला तिथे सगळ्यांनाच जायचे असते. जाऊन-येऊन चार तास धरा. सुनिऑन हवे असेल तर स्टेडियम आणि लिकाबेटस यादीतून खोडा, ड्रायव्हर ‘सगळे बसवतो’ म्हणाला तरी. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाचेही तेच. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या जहाजात सापडलेले अँटिकिथेराचे दातेरी चाकांचे यंत्र तिथे आहे. घरात कोणी इंजिनिअर असेल तर (आणि मराठी घरात असतोच) त्याला ते दाखवल्याशिवाय परत आणू नका, पण मग ते सुनिऑनच्या जागी. दोन्ही नाही.

शाकाहारींनी घाबरायचे कारण नाही. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासांमुळे ग्रीक स्वयंपाकात मांसाशिवायचे पदार्थ मुबलक आहेत: पिवळी डाळ घोटून वर कांदा आणि ऑलिव्ह तेल घातलेला फावा, मोठ्या पांढऱ्या बीन्सचा गिगांतेस, भाज्यांचा ब्रियाम, भात भरलेले टोमॅटो. द्राक्षाच्या पानांचे डोल्मादेस आणि भरले टोमॅटो कधी खिम्याचेही असतात, दरवेळी विचारा. फेटा चीज बनवताना बऱ्याचदा दूध घट्ट करणारे, जनावराच्या पोटातले रेनेट वापरतात, कडक पाळणाऱ्यांना हे ठाऊक असावे. जैन जेवण मिळेल या भरवशावर राहू नका, थेपले-खाकरे बॅगेत हवेत.

बारीकसारीक राहिले. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटली भरून घ्या. आपला दोन गोल पिनांचा चार्जर बहुतेक तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, तीन पिनांचा नाही. स्वच्छतागृहात कागद कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद आहेत, मुलांना आधी सांगा. मोनास्तिराकीच्या बाजारात आणि मेट्रोत पाकीटमार आहेत, तेव्हा पासपोर्ट कपड्यांच्या आत आणि मागच्या खिशात काहीही नाही. कार्ड जवळपास सगळीकडे चालते, टिपसाठी थोडे सुटे युरो ठेवा. संसदेसमोरच्या पहारेकऱ्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढता येतो, पण त्याला हात लावायचा नाही आणि त्याच्या वेशाची टिंगल करायची नाही, बाजूला उभा सैनिक लगेच टोकतो.

क्रूझवाल्यांनी परतीची वेळ जहाज सुटण्याची धरू नये, शेवटच्या प्रवाशाने चढायची वेळ धरावी, आणि त्याआधी दीड तास बंदरात पोचायचे असे ड्रायव्हरला सकाळीच सांगावे. पिरेयस मध्यवस्तीपासून दहा-बारा किलोमीटरच आहे, पण संध्याकाळच्या गर्दीत तेवढे अंतरही रेंगाळते. ड्रायव्हरचा फोन नंबर, गाडीचा नंबर आणि भेटायच्या जागेचे नाव ग्रीक लिपीत, असे एका चिठ्ठीवर लिहून घरातल्या प्रत्येकाच्या खिशात एकेक द्या. आजोबांच्याही, जरी ते म्हणाले की मी कुठे हरवतोय.