लिनक्स शिकताना: आधी पाहा, मग बदला

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुण्यातल्या कितीतरी घरांत, शिकवणी वर्गांत आणि अभ्यासिकांत विंडोज ११ न स्वीकारणारे, पण एरवी धडधाकट असलेले संगणक उरले. अशा संगणकावर लिनक्स बसवणे आता अवघड नाही. तो संगणक पुढे नीट सांभाळणे मात्र शिकावे लागते. हे मार्गदर्शन त्यासाठी आहे. उदाहरणाला सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेच्या कार्यालयातला संगणक डोळ्यांसमोर ठेवू: त्यावर फीच्या नोंदी आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, एक प्रिंटर जोडलेला आहे, आणि कारकून व ग्रंथपाल असे दोघे तो वापरतात.

सुरुवातीलाच एक पद्धत अंगी बाणवावी असा माझा आग्रह आहे. लिनक्समध्ये बदल घडवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कमांडच्या, म्हणजे टाइप करून दिलेल्या आज्ञेच्या, जोडीला नुसती पाहणारी एक कमांड असते. नवशिके बदलणाऱ्या कमांड पाठ करतात. अनुभवी प्रशासकाचा बराचसा वेळ मात्र पाहणाऱ्या कमांड चालवण्यात आणि त्यांचे उत्तर शांतपणे वाचण्यात जातो. म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी आधी काय पाहायचे ते सांगितले आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात, आणि लहान व मोठी लिपी यांतला फरक काटेकोरपणे पाळावा, कारण लिनक्सला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात.

बसवण्यापूर्वी

लिनक्स हे नाव मुळात कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे आहे. लिनस टॉरव्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते जाहीर केले. त्याभोवती इतर साधने जोडून जे वापरायला मिळते त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. नवख्याने उबुंटू किंवा लिनक्स मिंट घ्यावे आणि निवडीत फार वेळ घालवू नये. उबुंटू घ्यायचे तर एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी, आवृत्ती घ्यावी, कारण तिला पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. ४ जीबी रॅम आणि २५ जीबी मोकळी जागा असेल तर काम सुरू होते. रॅम त्याहून कमी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू बरे. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह रूपात संगणक सुरू करून वाय-फाय, प्रिंटर, आवाज आणि मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक हे सगळे चालते का ते आधी तपासावे. हार्ड डिस्कला तोवर धक्का लागत नाही. जुना डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ दाबू नये.

टर्मिनलमध्ये

टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. तिथे आपण कुठे आहोत हे पीडब्ल्यूडी सांगते, समोर काय आहे हे एलएस सांगते आणि सीडी आपल्याला दुसऱ्या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, नेते. फाइल वाचायला लेस, प्रत काढायला सीपी, हलवायला किंवा नाव बदलायला एमव्ही. एवढ्यावर पहिला आठवडा सहज जातो. नाव अर्धे लिहून टॅब दाबले की उरलेले आपोआप पुरे होते. ही सवय लागली की टंकनाच्या चुका पुष्कळ कमी होतात.

फाइल पुसणाऱ्या आरएम या कमांडशी मात्र जपून वागावे. टर्मिनलमधून पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. एखाद्या नमुन्याप्रमाणे अनेक फाइली पुसायच्या असतील, उदाहरणार्थ ‘जुने’ आणि पुढे तारांकन, म्हणजे ‘जुने’ने सुरू होणाऱ्या सगळ्या, तर तोच नमुना आधी एलएसला द्यावा, येणारी यादी डोळ्यांखालून घालावी आणि मगच एलएसच्या जागी आरएम लिहावे. तारांकनाच्या आधी चुकून रिकामी जागा पडली तर डिरेक्टरीतल्या साऱ्या फाइली त्या यादीत येतात, आणि एलएसने ते आधीच दाखवलेले असते.

कोणतीही कमांड काय करते हे पाहायला मॅन लिहून पुढे तिचे नाव द्यावे. ही पाने रूक्ष वाटतात, पण ती तुमच्याच संगणकावरच्या आवृत्तीसाठी लिहिलेली असतात. तिरकी रेघ देऊन पानात शोधता येते आणि क्यू दाबून बाहेर पडता येते.

परवानग्या: इथे सावकाश थांबावे

लिनक्सच्या प्रशासनातला सर्वांत अर्थपूर्ण भाग हाच आहे, आणि घाईत सर्वाधिक बिघाडही इथेच होतो. एलएस -एल दिल्यावर प्रत्येक फाइलीच्या ओळीत सुरुवातीला दहा चिन्हे दिसतात. पहिले चिन्ह ती फाइल आहे की डिरेक्टरी हे सांगते. उरलेली नऊ तीन-तीनच्या गटांत अनुक्रमे मालकाचे, गटाचे आणि इतरांचे हक्क सांगतात. वाचण्याचे मूल्य ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १. त्यांची बेरीज करून ६४० असे लिहिले, तर मालक वाचू-लिहू शकतो, गट फक्त वाचू शकतो आणि इतरांना काहीच करता येत नाही.

डिरेक्टरीच्या बाबतीत याच अक्षरांचा अर्थ बदलतो. वाचण्याचा हक्क म्हणजे आतली नावे पाहण्याचा, चालवण्याचा हक्क म्हणजे आत शिरण्याचा, आणि लिहिण्याचा हक्क म्हणजे आत नावे घालण्याचा व काढण्याचा. म्हणूनच फाइल पुसता येईल की नाही हे साधारणपणे फाइलीच्या नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या परवानगीवर ठरते. फीच्या नोंदींची फाइल ‘फक्त वाचा’ करून ठेवली आणि डिरेक्टरी सर्वांना लिहिण्यास मोकळी ठेवली, तर ती फाइल कोणीही पुसू शकतो. ‘परवानगी नाही’ असा संदेश आला की ७७७ देऊन मोकळे होण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. तो कधीही मानू नये. त्याने अडचण मिटल्यासारखी दिसते आणि संगणकावरच्या प्रत्येकाला त्या फाइलीत हवे ते करण्याची मुभा मिळते.

आता आपल्या अभ्यासिकेत कारकून आणि ग्रंथपाल या दोघांना एक सामाईक डिरेक्टरी द्यायची आहे. ती कोणाच्या होम डिरेक्टरीत ठेवू नये. एसआरव्ही या डिरेक्टरीखाली ‘नोंदी’ नावाने करावी. सुडो ग्रुपअ‍ॅड देऊन (सुडो म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या हक्काने चालवणे) ‘कार्यालय’ हा गट तयार करावा, सीएचजीआरपीने डिरेक्टरी त्या गटाच्या नावे करावी आणि सीएचमॉड २७७० द्यावे. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप ‘कार्यालय’ गटाची होते. तरीही ग्रंथपालाने केलेली फाइल कारकुनाला बदलता येत नसेल, तर यूमास्क ही कमांड नुसती चालवून पाहावी: उत्तर ००२२ असेल तर नव्या फाइलीवर गटाला फक्त वाचण्याचा हक्क मिळतो, ०००२ असेल तर लिहिण्याचाही मिळतो.

वापरकर्त्याला गटात घालण्यापूर्वी आयडी ही कमांड त्याच्या नावासह चालवावी आणि तो सध्या कोणत्या गटांत आहे हे टिपून ठेवावे. मग सुडो यूजरमॉड -एजी, त्यातला ए लहान आणि जी मोठा. ए विसरला तर नव्या गटात घालताना त्या व्यक्तीचे इतर सगळे जोड-गट काढले जातात, आणि त्यात सुडो हा गट असेल तर तिचा प्रशासनाचा हक्कच जातो. नवा गट पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो.

सॉफ्टवेअर, जागा आणि सेवा

सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन म्हणजे एपीटी. एपीटी अपडेट फक्त उपलब्ध सॉफ्टवेअरची यादी ताजी करते. काहीही बसवत नाही. त्यानंतर एपीटी लिस्ट --अपग्रेडेबल देऊन काय बदलणार आहे ते वाचावे आणि मगच एपीटी अपग्रेड करावे. सॉफ्टवेअर शक्यतो डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातूनच घ्यावे.

डिस्क भरल्याची तक्रार आली तर डीएफ -एच पाहावे, मग डीयू -एसएच वापरून जागा कोणत्या डिरेक्टरीत गेली ते एकेक पायरी उतरत शोधावे. जागा शिल्लक दिसूनही फाइल तयार होत नसेल तर डीएफ -आय द्यावे: लाखो बारीक फाइलींमुळे आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदीच्या जागा, संपलेले असू शकतात. मोठी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या घडामोडींची नोंद, पुसूनही जागा मोकळी झाली नाही, तर एखादा चालू प्रोग्रॅम ती अजून उघडी धरून बसलेला असतो. तो पुन्हा सुरू केल्यावर जागा परत मिळते.

प्रिंटर चालेनासा झाला की बहुतेक जण संगणकच बंद करून चालू करतात. त्याऐवजी सिस्टमसीटीएल स्टेटस कप्स द्यावे. कप्स ही छपाईची सेवा, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, आहे; ती चालू आहे की कोसळली आहे आणि तिच्या शेवटच्या काही ओळी काय म्हणतात हे तिथे दिसते. पुरेसे वाटले नाही तर जर्नलसीटीएल -यू कप्स -बी द्यावे, म्हणजे संगणक सुरू झाल्यापासूनची तिची संपूर्ण नोंद मिळते. कारण वाचल्यावरच रीस्टार्ट करावे. स्टार्ट आणि इनेबल यांतला फरकही ध्यानात ठेवावा: स्टार्टने सेवा आत्ता सुरू होते, इनेबलने ती पुढच्या वेळी संगणकाबरोबर आपोआप सुरू होते, आणि यांतले एक केल्याने दुसरे होत नाही.

अडलेच तर पुणे लिनक्स युजर्स ग्रुपसारख्या ठिकाणी विचारता येते. विचारताना ‘चालत नाही’ एवढेच न सांगता दिलेली कमांड आणि आलेला संदेश अक्षरशः उतरवून द्यावा. मदत करणाऱ्याला निदान त्यावरूनच करता येते.

दुरून काम करणे

कोथरूडच्या घरातून पेठेतला संगणक सांभाळायचा असेल तर एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याचे साधन, लागते. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकावरही लिनक्सच चालते, त्यामुळे इथे शिकलेले पुढे फार मोठ्या यंत्रांपर्यंत उपयोगी पडते. एसएसएच-कीजेनने स्वतःच्या किल्ल्यांची जोडी तयार करावी, एसएसएच-कॉपी-आयडीने तिच्यातली सार्वजनिक किल्ली तिकडे पोहोचवावी आणि पासवर्डाविना लॉगिन होते याची खात्री झाल्यावरच पासवर्डाने येण्याची वाट बंद करावी.

एसएसएचच्या सेटिंगची फाइल बदलण्याआधी तिची प्रत ठेवावी. बदल केल्यावर सुडो एसएसएचडी -टी, लहान टी, चालवावे: व्याकरणाची चूक असेल तर ते सांगते. मोठ्या टीने तीच कमांड दिली तर सर्व फाइली वाचून प्रत्यक्षात कोणते सेटिंग लागू होईल ते दिसते. मग सेवा रीलोड करावी, आणि चालू जोडणी तशीच उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन करून पाहावे. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी भिंत, उभारतानाही आधी ओपनएसएसएचला मुभा द्यावी आणि नंतर ती चालू करावी. क्रम उलटा झाला तर स्वतःलाच बाहेर राहावे लागते.

प्रती राखणे

‘नोंदी’ची रोज एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जायला हवी, आणि आरसिंक हे त्यासाठी योग्य साधन आहे. पहिल्यांदा --ड्राय-रन लावून ते काय करणार आहे ते पाहावे. मूळ डिरेक्टरीच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला मजकूर जातो, न दिली तर डिरेक्टरी नावासकट जाते. --डिलीट मुळात नसलेल्या फाइली प्रतीतून पुसते; ते वापरायचे असेल तर हा फरक पक्का समजल्याशिवाय वापरू नये. आणखी एक धोका आहे. बाहेरची डिस्क जोडलेली नसेल तरी आरसिंक तिच्या जागेच्या रिकाम्या डिरेक्टरीत निमूटपणे लिहीत राहते आणि आतलीच डिस्क भरते. म्हणून या कमांड ज्या फाइलीत लिहून ठेवायच्या त्या स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट या कमांडने डिस्क खरोखर जोडली आहे का हे तपासावे आणि नसेल तर तिथेच थांबावे.

ही स्क्रिप्ट रोज रात्री साडेदहाला चालवायची तर ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉन या साधनात ३० २२ आणि पुढे तीन तारांकने, मग स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग. त्याआधी टाइमडेटसीटीएल देऊन वेळ एशिया/कोलकाता अशी लागलेली आहे हे बघावे, आणि क्रॉनटॅब -एल देऊन असलेल्या नोंदींची प्रत फाइलीत ठेवावी. क्रॉनटॅब -ई नोंदी उघडते आणि क्रॉनटॅब -आर त्या सगळ्या न विचारता पुसते. कीबोर्डवर ही दोन अक्षरे शेजारी शेजारी आहेत.

महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल वेगळ्या डिरेक्टरीत परत आणावी, उघडावी आणि मूळ फाइलीशी डिफ या कमांडने ताडून पाहावी. डिफने काहीच छापले नाही, तर दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत.