लहान मुलांसाठी क्लासिकल होमस्कूल को-ऑप निवडताना

को-ऑप म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरी शिकवणाऱ्या पालकांचा गट. तो भरतो आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस शिकवायचं घरीच. म्हणून अभ्यासक्रमाच्या नावाला भुलू नका. गट चालवणारी मंडळी कोण आहेत आणि त्या एका दिवसाचं किती काम घरी येणार, हे आधी बघा.

क्लासिकल पद्धत शिक्षणाचे तीन टप्पे मानते: ग्रामर (मूळ माहिती पाठ करणं), लॉजिक (तर्क लावणं) आणि रेटरिक (नेटकी मांडणी). साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत पहिला टप्पा, आणि त्यात भर पाठांतरावर. ज्या घरात परवचा आणि रामरक्षा झाली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. 1997 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’ या कार्यक्रमात लहानांना वर्षाला 24 आठवडे आणि सात विषय असतात, दर विषयाचा आठवड्याला पाठांतराचा एकच तुकडा धरला तरी 168 होतात. रोज घरी वीसेक मिनिटं उजळणी झाली नाही, तर दिवाळीपर्यंत सगळी गाडी रुळावरून घसरते. तेवढा वेळ निघणार नसेल तर हलका गट शोधा.

हा कार्यक्रम ख्रिस्ती धारणेवर उभा आहे आणि त्याच्या तीन वर्षांच्या चक्रातलं एक वर्ष अमेरिकेच्या इतिहासाला जातं. इथला गट हाच आराखडा वापरत असेल तर सातवाहन आणि शिवकाल कुठे बसवलेत, ते वर्षाचं वेळापत्रक हातात घेऊनच पाहा. श्रद्धेविषयीच्या निवेदनावर सही मागतात का, हेही विचारा. मूळ आराखड्यातल्या लॅटिनच्या जागी संस्कृत घेतलं असेल तर उत्तमच, पण ‘रामः रामौ रामाः’ मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून म्हणून घेणारी ट्यूटर मुलांचे उच्चार सुधारू शकत नाही.

एक अख्खी सकाळ वर्गात मागे बसा. परवानगी देत नसतील तर तिथेच नाद सोडा. उजळणी चालू असताना नीट बघा. पाच वर्षांचं पोर ‘सात साते’ला अडलं की कसलेली ट्यूटर एक पायरी मागे येते, ‘सात सक बेचाळीस’ सगळ्यांकडून म्हणवून घेते आणि मग त्यालाच पुढे जाऊ देते. कच्ची ट्यूटर स्वतःच ‘एकोणपन्नास’ सांगून मोकळी होते. चार-पाच वर्षांच्या गटात एका ट्यूटरमागे सहा ते आठ मुलं पुरेत. अर्ध्या तासाची एक तासिका, मध्ये डबा, एकूण अडीच-तीन तास. चार आणि आठ वर्षांची मुलं एकत्र बसवली की धाकटी पेंगतात आणि थोरली कंटाळतात.

बहुतेक गटांत मुलाला सोडून जाता येत नाही. एका पालकाने थांबावं लागतं. आजी-आजोबा चालतील का, आणि पाळीने स्वतः काय शिकवावं लागेल, ते लेखी घ्या.

आता जागा. हॉल सोसायटीचा असेल तर मॅनेजिंग कमिटीची लेखी परवानगी आहे का, ते बघा. नवी कमिटी आली आणि हॉल गेला, असं वर्षाच्या मध्यात झालं तर डोकेदुखी तुमचीच. नऊला सुरू होणारा गट म्हणजे डोंबिवली किंवा विरारकडून येणाऱ्यांना पोराला कडेवर घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणं, अकराचा बरा. पावसाने लोकल ठप्प झाली तर बुडालेला दिवस कधी भरून देतात? सहली कोणत्या वारी? कान्हेरी आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.

फी विचारताना चार आकडे वेगळे मागा: नोंदणी, ट्यूटर, हॉलभाडं, साहित्य. ट्यूटर मध्येच सोडून गेली तर परतावा किती, हेही. पहिल्या चार आठवड्यांचे पैसे भरून बघू देणारा गट वर्षाची फी एकदम मागणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

को-ऑपच्या सर्टिफिकेटवर पुढे भिस्त ठेवू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळतो. घरीच शिकवायचं तर एनआयओएसचे (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे) ए, बी, सी हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. तिथल्या दहावीसाठी 14 वर्षं पूर्ण लागतात. तोवर तारीख घातलेल्या वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि जन्मदाखल्याची प्रत एका फाइलमध्ये लावत जा.